रिकाम्या गाडीचं वजन

बुरहानपूरहून इच्छापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका धर्मकाट्यावर मी बरीच वर्षं काम करतो आहे. ट्रक, आयशर, ट्रॅक्टर-ट्रॉली यांचं वजन घ्यायचं, पावती द्यायची, रजिस्टरात नोंद करायची, हे माझं काम. कापूस येतो, मका येतो, भंगार येतं, कधी पॉवरलूमच्या सुताच्या गाठी येतात. पण आमच्या जिल्ह्याचं खरं पीक केळी. इथून थेट रावेर-सावद्यापर्यंत बागाच बागा आहेत आणि त्यांतला माल पार दिल्लीपर्यंत जातो. कापणी जोरात असली की काट्यावर रात्र कुठे संपली आणि दिवस कधी उगवला ते कळत नाही.

केळीचा हिशोब दोन वजनांवर चालतो. गाडी आधी रिकामी येते, तिचं वजन घेतात. मग ती बागेत जाते, माल भरते आणि पुन्हा काट्यावर येते. भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की केळीचं वजन निघतं आणि शेतकऱ्याचे पैसे त्यावर ठरतात. भरलेली गाडी येते तेव्हा तिच्या मागोमाग मोटारसायकलवर शेतकरी असतो, नाहीतर त्याचा मुलगा. काचेपलीकडून आकड्यावर डोळे लावून उभा राहतो. पण रिकामी गाडी येते तेव्हा तो बागेत असतो, मजुरांकडून घड उतरवून घेत असतो. काट्यावर असतात ड्रायव्हर, क्लीनर आणि मी.

फसवाफसवी व्हायची ती या पहिल्या वजनाला. रिकामी गाडी जितकी जड दाखवाल तितकी केळी कमी भरते. दोनशे लिटरचा ड्रम पाण्यानं भरून आणायचा आणि वाटेत ओतून द्यायचा, म्हणजे दोन क्विंटल गेले. भाव हजार रुपये क्विंटल धरला तर दोन हजार रुपये, एका खेपेला. जादा स्टेपनी चढवायची, क्लीनरला ताडपत्रीखाली झोपवायचं. म्हणून गाडी प्लॅटफॉर्मवर चढली की मी टॉर्च घेऊन तिच्याभोवती एक फेरी मारतो. चारही बाजूंची चाकं पूर्ण आत आहेत का बघतो, फाळक्यावर पाय देऊन आत डोकावतो, केबिन बघतो, सगळ्यांना खाली उतरवतो. इंडिकेटरवरचा आकडा ठरेपर्यंत थांबतो आणि मगच बटण दाबतो.

मी ख्रिस्ती आहे. खरा ख्रिस्ती कोण, यावर आमच्यात पुष्कळ बोललं जातं. माझ्यापुरतं त्याचं उत्तर मला या पहिल्या वजनाजवळ सापडलं. ज्याचं नुकसान होणार आहे तो माणूस तिथे हजरच नसतो. त्याला आपण वाचवलं हे त्याला कधी कळणारही नसतं. आभार नाहीत, नाव नाही. देव बघतो असं आपण म्हणतो, ते आपल्याला खरंच वाटतं की नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतो, याचा निकाल त्या वेळी लागतो.

बुरहानपुरात आम्ही मूठभर. हे शहर मोगलांचं, तापीकाठच्या देवळांचं, बोहऱ्यांच्या दर्गा-ए-हकीमीचं, शिखांच्या बडी संगतचं. या गर्दीत आमची मंडळी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. तरी आमचा इथला इतिहास अगदी कालचा नाही. 1881 साली अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे अमेरिकन दांपत्य बुरहानपुरात येऊन राहिलं. फ्री मेथडिस्ट पंथाचे हिंदुस्थानातले हे पहिले मिशनरी. ठरलेल्या पगाराचा आधार न घेता, देव भागवेल या भरवशावर ते आले होते. पुढे त्या पंथाच्या कामाचं केंद्र यवतमाळला गेलं. बुरहानपूर मागे पडलं. मला या दोघांबद्दल आदर वाटतो तो ते इतक्या लांबून आले म्हणून नाही. पुढच्या महिन्याची खात्री नसताना परक्या गावात संसार मांडून राहणं, रोज त्याच बाजारात जाणं, त्याच शेजाऱ्यांना तोंड देणं, हे वर्षानुवर्षं करणं अवघड आहे.

आमच्या घरात ख्रिस्त आला तो माझ्या पणजीबरोबर. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 मध्ये, तिचे आईवडील गेले आणि ती मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. तेव्हा बुरहानपूर मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात होतं. त्याच्या आधीच्या, 1896-97 च्या दुष्काळात याच मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंनी निराधार मुली आणि विधवा गोळा करून नेल्या आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. त्या काळात अशा कितीतरी मुली होत्या. ज्यांची नावं कुठे लिहिली गेली नाहीत त्यांतली माझी पणजी एक.

लोक म्हणतात, तुमचे पूर्वज भाकरीसाठी बाटले. हे मी शाळेपासून ऐकत आलो आहे आणि यावर चिडायचं मी सोडून दिलं आहे, कारण त्यातला पहिला भाग खरा आहे. ती उपाशी होती आणि तिला भाकर मिळाली. त्या वयात तिचा विश्वास काय असणार? पण माझ्या आजीनं पणजीच्या म्हातारपणाच्या गोष्टी सांगितल्या, त्यांतली ती वेगळी होती. शेजारी कुणी बाळंतीण असली की ही न बोलावता जाऊन पाणी तापवायची. हातात दोन पैसे आले की एक कुणाला तरी देऊन मोकळी व्हायची. तेव्हा तिला भाकर कोणी देत नव्हतं, तीच देत होती. विश्वास कुठून सुरू झाला यापेक्षा तो कुठवर आला हे बघावं, असं मला वाटतं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचतानाही मला हेच जाणवलं. त्यांचा बाप्तिस्मा 1900 चा. पण जातिभेद हा माणसानं केलेला आहे, हे त्यांना त्याच्या आधीच पटलं होतं, आणि ते पटलं स्वयंपाकपाण्याच्या रोजच्या व्यवहारात. पाणी डोक्यावर पडण्याआधी मन पालटलेलं होतं.

मध्य प्रदेशात आमच्या विश्वासाकडे सरकारचंही लक्ष असतं. नागपूर या राज्याची राजधानी असताना, 1954 मध्ये, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली गेली आणि 1956 मध्ये तिचा अहवाल आला. 1968 मध्ये धर्म स्वातंत्र्याचा कायदा झाला, 2021 मध्ये त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. काही गुन्ह्यांना त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बळजबरी, फसवणूक, प्रलोभन हे शब्द आता आमच्या मंडळीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पैशानं किंवा धाकानं आणलेला विश्वास हा विश्वासच नव्हे, हे कोणताही खरा ख्रिस्ती कायद्याच्या आधी मान्य करील. त्रास होतो तो संशयाचा. आजारी शेजाऱ्याला डबा नेऊन देतानाही कोणी काही म्हणेल का असा विचार मनात येतो. असा विचार मनात येतो याचं मला फार वाईट वाटतं.

काट्यावर मी धर्माविषयी बोलत नाही. टेबलावर शास्त्र ठेवत नाही, भिंतीवर क्रूस नाही. ती जागा मालकांची आहे आणि येणारा माणूस वजनासाठी येतो. मालक मुसलमान आहेत, वेळ झाली की नमाजाला जातात. मला कामावर ठेवताना त्यांनी विचारलं होतं, ‘‘रात्री एकटा असलास तरी फेरी मारशील का?’’ मी हो म्हटलं. त्यापलीकडे आमच्यात या विषयावर बोलणं झालेलं नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं वजन करायला येणारे एक वारकरी पाटील आहेत, गळ्यात माळ. एकदा पावतीत त्यांच्या बाजूनं चूक झाली होती, ते अर्ध्या वाटेवरून परत आले आणि स्वतःहून दाखवून गेले. खरेपणा ही आम्हा ख्रिस्ती लोकांची मालमत्ता आहे असं म्हणायला मला तोंड नाही.

मग माझ्या कामात ख्रिस्ताचं असं वेगळं काय आहे? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात आणि आम्ही काय करावं असं विचारतात. नाका सोडा, रानात या, असं तो त्यांना सांगत नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. शिपायांनाही तो कामावर परत पाठवतो. म्हणजे पश्चात्तापाची जागा तीच, जिथे पापाची संधी आहे. पुढे एकोणिसाव्या अध्यायात जक्कय येतो, जकातदारांचा मुख्य, येशूला बघायला झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरतो, तो लुबाडलेल्यांना चौपट परत देईन म्हणतो, आणि गोष्ट तिथे थांबते. आमच्या रविवारच्या शाळेत मुलांना जक्कयचं झाड फार आवडतं. मला मात्र नेहमी वाटतं, दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाक्यावर गेला असेल. तेच टेबल, तेच हाताखालचे लोक, वरून तोच दबाव. आदल्या दिवशीचा पाहुणचार संपला होता. त्या सकाळी त्यानं काय केलं ते लूकनं लिहिलेलं नाही, आणि आमच्यासारख्यांचं सगळं आयुष्य नेमकं त्या सकाळीत जातं.

एका हिवाळ्यातली रात्र सांगतो. उत्तरेकडची गाडी होती. फेरी मारताना ताडपत्रीच्या घडीखाली काहीतरी हललं. उचलून पाहिलं तर क्लीनर, सोळा-सतरा वर्षांचा असेल. पाय पोटाशी घेतलेले, अंगात पातळ स्वेटर, दात वाजत होते. मागच्या कोपऱ्यात पाण्याचे कॅनही होते. ड्रायव्हर म्हणाला, ‘‘सेठ का बोला हुआ है, भैया. सब करते हैं.’’ मी म्हटलं, पोराला आधी खाली घे, कॅन उतरव, मग वजन करू. पोराला आत हीटरजवळ बसवलं, चहा दिला. तो मान वर करीना. मग मी त्याला गाव विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं, आणि हळूहळू तो बोलता झाला. ड्रायव्हरनं कॅन उतरवले. वजन झालं. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा मालकांना फोन आला आणि त्याच्या गाड्या आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. त्या वर्षी हंगामाची कमाई घटली, माझ्या हातात दिवाळीला कमी पैसे आले. मालक म्हणाले, ‘‘गेला तर जाऊ दे,’’ आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

कॅन उतरवायला लावणं मला फारसं जड गेलं नाही. ते माझं कामच आहे आणि ते कोणताही सरळ माणूस करतो. पण त्या ड्रायव्हरला तुच्छ न लेखणं, हे खरं जड. प्रामाणिक माणसाच्या मानेत एक ताठा येतो. मी इतरांसारखा नाही म्हणून मंदिरात देवाचे आभार मानणाऱ्या परूशाची गोष्ट येशूनं अशाच लोकांसाठी सांगितली, जे खरोखर दशमांश देत होते, खरोखर उपास करत होते. त्या ड्रायव्हरला खेपेमागे काय मिळतं, गाडीचे हप्ते कोणाच्या नावावर आहेत, शेठचं ऐकलं नाही तर पुढची खेप मिळते का, हे मला माहीत आहे. त्याच्या जागी मी असतो तर? म्हणून अशा वेळी मी चारचौघांत आवाज चढवत नाही. वस्तू उतरवून घेतो, माणसाला बसवतो. माझ्या कामात ख्रिस्ताचं म्हणावं असं काही असेल तर ते इथे आहे असं मला वाटतं. काटा कोणीही खरा ठेवील. ज्यानं तो खोटा करायला पाहिलं त्याच्याबरोबर चहा घेता आला पाहिजे.

याहून अवघड प्रसंग वेगळाच आला. आमच्याकडे मे-जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, वादळं होतात. एका रात्रीत उभ्या बागा आडव्या होतात. घड जमिनीला टेकतात, फळाला डाग पडतात, आणि आदल्या दिवशी घासाघीस करून का होईना भाव देणारा व्यापारी गाडी पाठवायलाच तयार नसतो. अशाच एका वादळानंतर शहापूरच्या बाजूचा एक शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉलीत पडलेला माल भरून आला. कपड्यांवर केळीचा चीक वाळून काळा पडलेला. मिळेल त्या भावात एका व्यापाऱ्यानं माल घ्यायचं कबूल केलं होतं, वजन आमच्या काट्याचं ठरलं होतं आणि व्यापाऱ्याचा माणूस अजून पोचला नव्हता. ओळखीचा माणूस. काचेशी येऊन हळूच म्हणाला, ‘‘भाऊ, दोन-तीन क्विंटल वर लाव. जल्मभर त्यांनी आम्हाला कापलं. आज एक दिवस तू आमच्याकडून हो.’’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दांड्याची कटती, डागाची कटती, भाव पडला की वजनात हात, हे सगळं मी डोळ्यांनी पाहत आलो आहे. शास्त्रात देव गरिबाची बाजू घेतो, यात मला शंका नाही. मनात म्हटलं, तीन क्विंटलनं त्या व्यापाऱ्याचं काय बिघडणार आहे? पण त्या घटकेला काट्यावर हजर नसलेला माणूस तो व्यापारी होता. ज्या नियमानं मी इतकी वर्षं या शेतकऱ्याला त्याच्या पाठीमागे वाचवलं, तो नियम त्या दिवशी उलटा फिरून माझ्यासमोर उभा होता. गैरहजर माणूस गरीब असला तरच त्याचं वजन खरं करायचं, असं ठरवलं तर मग काटा माझ्या मर्जीचा झाला. आणि दया करायची तर ती माझ्या खिशातून करावी, दुसऱ्याच्या खिशातून नाही.

मी त्याला नाही म्हटलं. जे वजन आलं तेच छापलं. काट्याचे पैसे मी भरले, पण त्यानं त्याचं दुःख कमी झालं नाही. तो पावती घेऊन एक शब्द न बोलता गेला. रविवारी उपासना झाल्यावर आमच्या मंडळीतली चार पोरं घेऊन मी त्याच्या बागेवर गेलो. पडलेली खोडं तोडून बांधाला ओढायचं काम होतं. चिकानं हात काळे होतात, ओलं खोड दोघांना उचलत नाही. सोबतची पोरं बरीच राबली. आम्ही कोण, कुठल्या मंडळीचे, हे आम्ही सांगितलं नाही, त्याला ठाऊकच होतं. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. तो स्वतः लांब दुसऱ्या ओळीत काम करत राहिला, आमच्याजवळ आला नाही. आजही तो दुसऱ्या काट्यावर जातो. मला त्याचा राग नाही, पण रस्त्यानं त्याची ट्रॉली पुढे निघून जाताना दिसली की मन खट्टू होतं. खरं वागलं की माणसं जोडली जातात असं आमच्यात सांगतात. नेहमी तसं होत नाही.

आमच्या मंडळीवर माझं प्रेम आहे, म्हणून एक गोष्ट लिहितो. साक्षीच्या वेळी लोक उभे राहतात आणि देवानं काय दिलं ते सांगतात. नोकरी लागली, आजार गेला, मुलीचं लग्न ठरलं. ते ऐकून मलाही आनंद होतो. पण देवापायी काय सोडलं, कोणता फायदा हातचा जाऊ दिला, अशी साक्ष मी फार कमी ऐकली आहे. नारायण वामन टिळकांची भजनं आम्ही सगळे गातो. त्यांनी 1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, हे मात्र भजन म्हणताना क्वचितच कोणाच्या ध्यानात असतं. कापणीच्या सणाला आमच्याकडे लोक पहिलं फळ वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. केळीच्या एका फणीला दोनशे, तीनशे, पाचशेची बोली लागते, हसत-खिदळत. बोली लावणाऱ्यांत माल घेणारे आहेत, दुकानदार आहेत, मजूर लावणारे आहेत. त्या दिवशी त्यांचे हात सैल असतात आणि ते बघून बरं वाटतं. सोमवारी त्याच हातांत मजुराची हजेरी असते, गिऱ्हाइकाचं माप असतं.

यंदाच्या कापणीच्या सणाला साक्ष द्याल का, असं पाळकसाहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, ताडपत्रीखालच्या पोराची गोष्ट मी वेदीवरून सांगणार नाही. ती सांगितली की मोठा मी होतो आणि तो पोर पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उघडा पडतो. त्यापेक्षा लिलाव झाल्यावर ज्यांचा हात मापाला, हजेरीला किंवा हिशोबाच्या वहीला लागतो अशा सगळ्यांनी तासभर बसू या आणि लूकचा तिसरा अध्याय वाचू या. प्रत्येकानं आपल्या कामात रिकाम्या गाडीचं वजन कुठे होतं ते सांगावं. वाटल्यास सांगू नये, मनात धरावं. पाळकसाहेब थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, मंडळीचा हिशोब मीच बघतो, तेव्हा सुरुवात माझ्यापासून करा. सणाचा रविवार ठरला आहे. त्याच आठवड्यात नापतौल विभागाचे लोक काट्याची वार्षिक तपासणी करायला यायचे आहेत, म्हणून मी मालकांकडे त्या दिवशीची सुट्टी आधीच मागून ठेवली आहे.